यादीतलं पहिलं नाव

“कधीपासून?” असं विचारून वहिनी चष्मा वर केसांत खोचायच्या. चष्मा वर गेला की समोरच्याने ओळखावं, आता आपली खैर नाही. कुणी म्हणालं, बाळंतिणीला वारा लागू देऊ नये, की आलाच प्रश्न. कुणी म्हणालं, थंडीत दह्याने कफ होतो. “कधीपासून? कोणी ठरवलं? कुठल्या गावात?” उत्तर आलं नाही तर त्या दह्याची वाटी पुढे ओढायच्या आणि निवांत खायला लागायच्या.

टोकियोजवळ ग्योतोकुला आमच्याच इमारतीत, आमच्या शेजारच्याच घरात त्या राहायच्या. पुण्या-मुंबईची सॉफ्टवेअरवाली मंडळी तेव्हा तोझाई रेल्वे लाइनच्या कडेने बिऱ्हाडं मांडत होती, त्यातलेच आम्ही. त्यांचे यजमान माझे टीम लीडर, म्हणून ते सर आणि त्या वहिनी. पुण्यात त्या कॉलेजात इतिहास शिकवत. युरोपातल्या रोगांच्या साथी आणि त्यांत सापडलेली साधी माणसं, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. तो अर्धा लिहून झाला आणि सरांचं जपानचं पोस्टिंग आलं. “बॅगेचं वजन जास्त भरत होतं,” त्या सांगायच्या. “कुकर ठेवला आणि दोन प्रकरणं काढली. अजून ती माळ्यावर आहेत, आणि ह्यांना वरणभात वेळेवर मिळतो.” सर यावर काही बोलायचे नाहीत. सर एकूणच कमी बोलायचे.

एक रविवार सोडून आम्ही आठ-दहा मराठी कुटुंबं कुणाच्या तरी घरी एकत्र जेवायचो. श्रीखंडाच्या वाटीवर वहिनींचा युरोप सुरू व्हायचा. प्लेग झालेल्या घराला बाहेरून कुलूप घालून दारावर खूण कशी करत, बाळंतपणं करणारे मोठमोठे डॉक्टर हात धुवायला सांगितले म्हणून कसे रागावले, कॉलऱ्यात लोकांनी दवाखान्यांवरच दगडफेक कशी केली. बायका म्हणायच्या, “वहिनी, जेवताना नको ना!” वहिनी म्हणायच्या, “ते लोकही जेवतच होते की.” तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल. आपण तिला हसतो आणि पुढच्या वेळी मुद्दाम तिच्याजवळची जागा धरतो.

त्या वर्षी ऑफिसच्या वार्षिक तपासणीत माझ्या छातीच्या फोटोत डाग निघाला. तीन महिने मी खोकत होतो आणि त्याला जपानची थंडी म्हणत होतो. डॉक्टरांनी दोनदा कफ तपासला आणि क्षय आहे म्हणून सांगितलं. हॉस्पिटलात ठेवावं इतका जोर नव्हता. घरी राहायचं, औषधं घ्यायची, मास्क लावायचा. मग होकेनजोतून, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य केंद्रातून, एक नर्स आली. तिने कोरा कागद पुढे ठेवला आणि विचारलं, गेल्या तीन महिन्यांत बंद खोलीत तुम्ही कोणाकोणाबरोबर बसलात? त्या सगळ्यांना तपासायचं होतं.

मी बायकोचं नाव घातलं, मुलीचं घातलं, ऑफिसात शेजारी बसणाऱ्या दोघांचं घातलं. पेन तिथेच थांबलं, कारण ऑफिसातून बातमी फुटून तोवर रविवारच्या मंडळींचे फोन येऊन गेले होते. “आमचं नाव नको हं घालूस. मार्चमध्ये कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय.” दुसरा म्हणाला, “एकाचं नाव कळलं की सगळ्या इंडियन्सवर शिक्का बसतो, कळतंय ना?” मला कळत होतं. मी कागदाची घडी घालून ती फ्रिजवर ठेवून दिली. आज लाज वाटते, पण तेव्हा मला हायसं वाटलं होतं.

वहिनींना माझ्या बायकोने कागदाचं सांगितलं. त्या सरळ दारात येऊन उभ्या राहिल्या.

“कागद दाखव.”

मी दाखवला.

“आणि सेक्रेटरीची छोटी?”

आमच्या मंडळाच्या सेक्रेटरीची मुलगी आठ महिन्यांची होती. दर जेवणाला ती माझ्याच मांडीवर असायची. मी खोकायचो आणि ती माझा खोकला ऐकून खिदळायची. मी तिचं नाव घातलं नव्हतं. मोठ्या माणसाला हा रोग वर्षभर रेंगाळत ठेवील, इतक्या लहान पोराला तो काही आठवड्यांत उचलून नेऊ शकतो, हे नर्सने मला नीट समजावून सांगितलं होतं. तरी घातलं नव्हतं.

“माझं नाव आधी लिही,” वहिनी म्हणाल्या. “सगळ्यात वर. आणि रविवारी सगळ्यांना माझ्याकडे बोलाव.”

“कोणी येणार नाही, वहिनी.”

“येतील. पुरणपोळी आहे म्हणून सांग.”

मधल्या दोन दिवसांत त्या सायकल दामटत होकेनजोत जाऊन आल्या. त्यांचं जपानी म्हणजे तीस-चाळीस शब्द आणि दांडगा आवाज. तेवढ्यावर त्यांनी नर्सकडून वदवून घेतलं की नावं ऑफिसला कळवत नाहीत. वर त्या बाईला त्यांनी इथले जुने क्षयाचे दवाखाने कुठे होते तेही विचारलं आणि तिने नकाशा काढून दिला.

रविवारी लोक आले. मला वहिनींनी मास्क लावून बाहेर गॅलरीत खुर्ची टाकून दिली, अंगावर रजई घातली आणि सरकता दरवाजा उघडा ठेवला. “युरोपात श्रीमंत लोक डोंगरावर जाऊन असेच गॅलरीत पडायचे,” त्या म्हणाल्या. “तुझी चैन आहे. गिरणीतले तुझ्यासारखे कामगार उभ्याउभ्या खोकून मरायचे.” आत कोणी हसलं नाही.

सेक्रेटरी सगळ्यांत आधी बोलला. पोरगी त्याच्या बायकोच्या कडेवर होती. “वहिनी, तुमचं ठीक आहे. सर परमनंट आहेत. आमचं काय? आणि उद्या गावी कळलं, पोरीला क्षयाचं औषध चालू होतं, तर तिच्या लग्नात लोक काय म्हणतील?”

“आठ महिन्यांची आहे रे ती.”

“म्हणूनच. आत्ताच डाग लागला तर जन्मभर पुसायचा नाही.”

वहिनींनी चष्मा वर केला नाही. त्यांनी तो काढून टेबलावर ठेवला.

“मी सांगते जन्मभराचं. मला अकराव्या वर्षी झाला होता.”

सर पाण्याचा जग घेऊन उभे होते, ते तसेच राहिले.

“दीड वर्ष औषध चाललं. सुरुवातीला रोज संध्याकाळी दवाखान्यात इंजेक्शन. आईने शेजारीपाजारी सांगितलं, पोरगी गाण्याच्या क्लासला जाते. आता मला एक सूर धड लागत नाही हे तुम्ही ऐकलंच आहे. प्रत्येक हळदीकुंकवाला बायका म्हणायच्या, म्हण गं एखादं. आई म्हणायची, तिचा घसा बसलाय. माझा घसा लग्न होईपर्यंत बसलेलाच होता.” दोन-तीन जण हसले आणि चटकन थांबले. “लग्न ठरलं तेव्हा आईने शपथ घातली, सासरी बोलायचं नाही. नाही बोलले. बावीस वर्षं. दर तपासणीला मी काहीतरी कारण काढून फोटो चुकवला. रोग दीड वर्षात गेला, ही चोरी नाही गेली. तुझ्या पोरीला हेच द्यायचंय का? मी तर जाणार आहे फोटो काढायला. डाग दिसेल. दिसू दे. मी काय कोणाच्या घरात दरोडा घातला होता?”

सर जग खाली ठेवून गॅलरीत आले. मला वाटलं, ते माझ्यापासून लांबच्या टोकाला जातील. ते माझ्या खुर्चीशेजारी येऊन उभे राहिले. समोर कुणाची तरी पांघरुणं वाळत होती, त्यांकडे बघत राहिले.

“बावीस वर्षं,” ते म्हणाले. “मला वाटायचं, हिला माझ्या आईसमोर गायला लाज वाटते.”

मी रजई सारखी केली. थोड्या वेळाने ते आत गेले.

आत सेक्रेटरीची बायको रडत होती. नवऱ्याकडे न बघता तिने कागद ओढून घेतला आणि पोरीचं नाव लिहिलं, मग स्वतःचं. सेक्रेटरी पाय आपटत जिना उतरला आणि पंधरा मिनिटांनी परत आला. बाकीच्यांनी लिहिलं. सगळ्यांनी नाही, दोन घरांनी पोळ्या खाल्ल्या, कानावर हात ठेवले आणि पुढे कित्येक वर्षं स्टेशनवर आम्हांला ओळख दाखवली नाही. त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. वहिनी मात्र म्हणायच्या, “घाबरलेत. तूही घाबरला होतास.” हे ऐकून राग आणखी वाढायचा.

सरांच्या आईंपर्यंत बातमी गेली आणि त्यांचा पुण्याहून फोन आला, तो मी भिंतीपलीकडून ऐकला, कारण वहिनींचा आवाज तुम्हांला सांगितलाच आहे. “हो आई, लपवलं. चुकलं. पण आजारी पडले त्यात माझं काही चुकलं नाही.” मग बराच वेळ पलीकडचं बोलणं. मग पुन्हा, “नाही, त्याची माफी नाही मागणार.” त्यानंतर वर्षभर सासूबाई त्यांच्याशी बोलल्या नाहीत. वहिनी दर शनिवारी फोन लावायच्या, सासूबाई तो ठेवून द्यायच्या, आणि वहिनी पुढच्या शनिवारी पुन्हा लावायच्या.

मी नऊ महिन्यांत बरा झालो. सर आणि वहिनी दोन वर्षांनी परत गेले. प्रबंध पुरा झाला, पण त्याचं पुस्तक व्हायच्या आत वहिनी गेल्या. हृदयाने दगा दिला, एका दुपारी. माझी मुलगी, जी तोवर माझ्याशी जपानीतच भांडायची, त्या दिवशी मराठीत रडली. मला त्या हव्या होत्या, अजून हव्या आहेत. माणसं एकमेकांच्या दारावर खुणा करायला लागली की मला त्यांची आठवण येते आणि मी वितंडवाद घालायला लागतो.

त्या मला आठवतात त्या होकेनजोच्या अरुंद बोळात. रिपोर्ट घ्यायला सगळ्यांना एकाच सकाळी बोलावलं होतं. पंधरा-सोळा मराठी माणसं बाकांवर दाटीवाटीने बसली होती, नजरा जमिनीला. सेक्रेटरीच्या पोरीच्या तपासणीत लागण निघाली होती. रोग नव्हता, पण सहा महिने औषध घ्यायचं होतं. वेळेत सापडलं असं डॉक्टर तीन वेळा म्हणाले. ती बापाच्या खांद्यावर झोपली होती.

तेवढ्यात वहिनी आतून बाहेर आल्या. हातात त्यांच्या छातीचा फोटो होता, नर्सकडून मागून घेतलेला. बोळाच्या टोकाला खिडकी होती, तिच्या उजेडात त्यांनी तो दोन्ही हातांनी वर धरला. काळ्या फिल्मवर उजवीकडे वर एक पांढरा ठिपका होता, ज्वारीच्या दाण्याएवढा.

“बघा,” त्या सेक्रेटरीला म्हणाल्या. “हा. एवढाच.”

नर्स मागून हळू आवाजात काहीतरी सांगत होती, बहुधा इथे असं करत नाहीत म्हणून. वहिनींची उंची बेताची. फिल्म वाकत होती, बाकावरचे मान वाकडी करत होते. सर उठले आणि त्यांनी ती वहिनींच्या हातातून घेतली.

“इकडे दे,” ते म्हणाले. “मी वर धरतो. मागच्यांना दिसत नाहीये.”