तिसऱ्या पट्टीचं जादा भोक

बाबा जळालेल्या मोटारींचं वायंडिंग करायचे. शाळा सातवीतच सुटलेली, पण तांब्याची तार हातात आली की भल्याभल्यांना ऐकायचे नाहीत. दुकानामागच्या खोलीत त्यांनी टेस्ला कॉइल करायला घेतली होती, हातभर लांब ठिणगी हवेत उडवणारी. कॉलेजच्या प्रदर्शनात ती स्वतःच्या नावाने चालवून दाखवायची, एवढीच त्यांची हौस.

मधलं उभं वेटोळं आठवड्यात झालं. बारीक तार गुंडाळणं तर त्यांचं रोजचंच काम. घाम काढला तो खालच्या वेटोळ्याने, प्रायमरीने. पाव इंची तांब्याची नळी, डासांच्या उदबत्तीसारखी सपाट वळवायची, दहा वेढे, मध्ये सगळीकडे करंगळीएवढंच अंतर. घाई केली की नळी दबते, आणि दबली की भंगारात. ती पेलायला फायबरच्या सहा पट्ट्या, प्रत्येकीत दहा भोकं. तिसऱ्या पट्टीत एक भोक चुकीच्या जागी पडलं, म्हणून तिथे अकरा झाली. नवी पट्टी मिळेना. बाबांनी आठवडाभर स्वतःला शिव्या घातल्या, तीच बसवली आणि मापांच्या वहीतही अकरा भोकंच काढली.

आईचा धाकटा भाऊ, आमचा मामा, कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक होता. "भाऊजी, वही द्या, परवानगीला मापं लागतात," असं तो दोनदा म्हणाला. बाबांनी वही दिली नाही. मग त्याने निरोप धाडला, यंदा जागा नाही, पण बघायला या.

आम्ही गेलो. टेबलावर हुबेहूब बाबांच्यासारखी दुसरी कॉइल होती आणि पाटीवर मामाचं नाव. दहा वेढे, सहा पट्ट्या, तिसरीत अकरा भोकं. प्राचार्यांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं.

"हवा खेळायला, सर," मामा म्हणाला.

नकलेला अक्कल नसते म्हणतात ते उगाच नाही. मला हसू फुटलं. बाबा हसले नाहीत.

मामाने बटण दाबलं. नुसती फुसफुस. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मग तो मंचावरून खाली उतरून बाबांच्या कानाशी लागला, "भाऊजी, नळीला वायर जोडायचा क्लॅम्प कितव्या वेढ्यावर?"

मी बाबांची बाही धरून ठेवली. पडू दे तोंडावर, असंच वाटत होतं मला. पण बाबा उठले. "आधी मेन बंद कर," म्हणाले. मधल्या वेटोळ्याचा पाइप आमच्या कॉइलच्या पाइपपेक्षा उंच होता. त्यांनी वितीने तो मापला आणि क्लॅम्प अर्धा वेढा बाहेर सरकवला. ठिणगी हातभर उडाली, सभागृह टाळ्यांनी दणाणलं. मामाने माईकवर सगळ्यांचे आभार मानले, खुर्च्या मांडणाऱ्यांचेसुद्धा. बाबांचे तेवढे राहिले.

"कशाला गेलात?" वाटेत मी चिडून विचारलं.

"वेटोळं माझंच होतं ना. वेटोळ्याचा काय दोष?"

दारात आई उभी. "कसं झालं त्याचं?"

बाबा थांबले. "त्याचं म्हणजे? तुला ठाऊक होतं?"

"वही मीच दिली," आई म्हणाली. तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. "तुम्हाला चारचौघांत बोलता कुठे येतं? अडखळला असतात, हसं झालं असतं. तो नीट बोलतो."

मामाने केसाने गळा कापला, तरी बाबा वाटभर ताठ चालत आले होते. आता ते चपलांसकट पायरीवर बसले. आईचा इतका राग मला त्याआधी कधी आला नव्हता.

"पाठ केलं होतं मी," बाबा म्हणाले. "दुकानात, मोटारी समोर मांडून. रोज."