मधल्या मुलाची बायको

सालिकुट्टीच्या लग्नाच्या वेळी तिच्या वडिलांनी प्रत्येक मध्यस्थाला एकच प्रश्न विचारला होता: मुलगा भावांमध्ये कितवा? जमीन किती, रबराची झाडं किती, हे सगळं नंतर. केरळातल्या मीनच्चिल नदीच्या काठच्या त्या ख्रिस्ती घरांमध्ये घर धाकट्या मुलाकडे जातं आणि घराबरोबर म्हातारे आईवडीलही त्याच्याच वाट्याला येतात. थोरले जगभर पांगायला मोकळे. नर्स झालेली मुलगी धाकट्याला दिली की तिची नर्सगिरी एका खाटेपुरती उरते, हे वडिलांनी स्वतःच्या बहिणीच्या बाबतीत पाहिलं होतं. म्हणून त्यांनी शोधून शोधून मधला काढला. तोमिच्चन. थोरला अमेरिकेत स्थिरावलेला, धाकटा जोजी कॉलेजात. लग्नानंतर सालिकुट्टीने इंग्रजीची परीक्षा द्यावी, आयर्लंडला जावं, मागोमाग तोमिच्चनने यावं, असं पंगतीतच ठरलं होतं.

मग एका रविवारी मिस्सानंतर जोजीने घरात सांगितलं की त्याला धर्मगुरू व्हायचं आहे.

आळीभर आनंद झाला. घरातून एक धर्मगुरू निघणं म्हणजे सात पिढ्यांचं भाग्य. सासूबाई, म्हणजे अम्मच्ची, डोळे पुसत येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात केक ठेवत होत्या. सालिकुट्टी कटलेटचं ताट घेऊन फिरत होती. कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या शेजारणीने कटलेट उचललं, तिच्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "आता घर तुमचंच की गं." सालिकुट्टीच्या हातातलं ताट जड झालं. धर्मगुरूला संसार नाही, त्यामुळे घरही नाही. धाकटा गेला की त्याच्या वरचा धाकटा होतो. वडिलांनी सगळं विचारलं होतं, एवढं एक विचारायचं राहून गेलं होतं.

तरी तिने आशा सोडली नव्हती. अम्मच्ची तेव्हा ठणठणीत होत्या. पण परीक्षेचा अर्ज भरायचं म्हटलं की काहीतरी निघे. आधी तिच्या थोरल्या लेकाचा गोवर, मग तोमिच्चनची हार्डवेअरच्या दुकानातली भागीदारी मोडली, मग एके सकाळी अम्मच्ची न्हाणीघरात पडल्या आणि त्यांची डावी बाजू गेली. एजन्सीतून एक बाई आणली. अम्मच्ची तिच्या हातचा घास तोंडात घेत आणि गालात धरून ठेवत. संध्याकाळी सालिकुट्टी ड्यूटीवरून आली की मग गिळत. बाई महिनाभरात निघून गेली. तोमिच्चन म्हणाला, घरातच नर्स असताना बाहेरची कशाला हवी? तो हे कौतुकानेच म्हणाला होता.

गावातल्या मिशनच्या इस्पितळात सालिकुट्टी नवजात बाळांच्या वॉर्डात होती. अंगठ्याएवढ्या मनगटातली शीर तिला बोटाच्या टोकाने सापडे. आणि घरी, ओसरीवर कप्प्याचे, म्हणजे टॅपिओकाचे, कंद सोलत बसली की, तरुण नर्सेस सल्ला घ्यायला येत. साऱ्या परगण्यात हे माहीत झालं होतं: बाहेर जायचं असेल तर आधी सालीचेचीला, म्हणजे सालीताईला, विचारा. ती सुरी थांबवत नसे. सगळीकडे थोडं थोडं करू नकोस, एक विभाग धर आणि तिथेच टिक. जनरल वॉर्डात दहा वर्षं काढलीस तरी बाहेर कोणी विचारणार नाही, अतिदक्षता विभागातली दोन वर्षं दाखवलीस तर बसायला खुर्ची देतील. एजंटच्या हातात मूळ प्रमाणपत्रं देऊ नकोस. शिकायची संधी आणि जास्त पगाराची नोकरी एकदम आली तर शिकायला जा, पगार पळून जात नाही. आणि शेवटी, कंद पाण्यात टाकता टाकता, विचारी, "लग्नाचं काही चाललंय का? कितवा आहे?" मुली हसत. तिच्या सल्ल्याने गेलेल्या मुली गॉलवेत होत्या, मस्कतमध्ये होत्या. नाताळात त्यांच्याकडून चॉकलेटचे डबे येत.

त्या वर्षी इस्पितळात नवजात बाळांसाठी अतिदक्षता विभाग उघडायचं ठरलं. नर्सिंगप्रमुख सिस्टर क्लेमेंटिना यांनी सालिकुट्टीला खोलीत बोलावून दार लावून घेतलं. चेन्नईला वर्षभराचं प्रशिक्षण होतं, जागा एकच होती. परतल्यावर तो विभाग तिच्याच हाती यायचा.

"पहिला हक्क तुझा," सिस्टर म्हणाल्या. "तू नाही म्हणालीस तर बिन्सीला पाठवीन. रविवारी मिस्सानंतर मला सांग. आणि सालिकुट्टी, या वेळी घरी विचारून मग सांगते असं म्हणू नकोस."

"घरी विचारून सांगते, सिस्टर," सालिकुट्टी म्हणाली. सिस्टरनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

त्याच संध्याकाळी बिन्सी ओसरीवर आली. तिच्याच वॉर्डातली, तिच्याच हाताखाली तयार झालेली, बोलायला फटकळ आणि हाताने हलकी. तिच्या कानावर चेन्नईचं आलं होतं. सौदीच्या एका दवाखान्याचा होकारही आला होता आणि कोचीच्या एजंटला सोमवारी कळवायचं होतं. सिस्टरकडे जाऊन चेन्नईचं मागू का, असं तिने विचारलं.

याचं उत्तर सालिकुट्टीला झोपेतही देता आलं असतं. तिने कितीतरी मुलींना ते दिलं होतं. पण सुरी थांबली.

"यंदा नको," ती म्हणाली. "तुझा हात अजून बसलेला नाही. पुढे बघू."

बिन्सीने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. सालीचेची म्हणते म्हणजे तसंच असणार. "मग सौदीला हो कळवून टाकते," ती म्हणाली आणि कुंपणाच्या फाटकातून निघून गेली. सालिकुट्टीने हातातला कंद इतका सोलला की पाण्यात टाकण्याजोगं काही उरलं नाही.

तोमिच्चन नाही म्हणाला नाही. त्या घरात तिला कोणी कधी नाही म्हणालंच नव्हतं. तो म्हणाला, छान आहे, जोजीअच्चनला बोलावू, सगळे मिळून ठरवू. धर्मगुरू झाल्यापासून जोजीला घरातही अच्चन, म्हणजे फादर, म्हणत; शनिवारी जोजीअच्चन आपल्या चर्चच्या गावाहून आले. संध्याकाळची जपमाळ झाली, बदकाचं कालवण आणि अप्पम झालं, मग तिघे पुढच्या खोलीत बसले. अम्मच्ची आतल्या खाटेवर होत्या, मधलं दार उघडं होतं.

जोजीअच्चननी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा आवाज मऊ होता. वहिनीला ते चेडत्ती म्हणत. "चेडत्ती, मी प्रवचनात तुमचं उदाहरण देतो. नाव घेत नाही, पण देतो. लोक सेवा शोधत परदेशी जातात, आणि एक बाई..."

"अच्चन, मग एक वर्ष अम्मच्चींना तुमच्याकडे न्या," सालिकुट्टी म्हणाली.

तोमिच्चनने पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. जोजीअच्चन हसले. त्या हसण्यात राग नव्हता, लहान मुलाच्या बोलण्याला हसावं तसं ते होतं. चर्चच्या घरात बाईमाणूस कसं ठेवणार, आणि अम्मच्चींची उठबस कोण करणार? थोरल्या भावाचा विषय निघाला आणि तिथेच संपला, त्याच्या बायकोला केरळचा उकाडा सोसत नाही. मग बाई ठेवू, सालिकुट्टी म्हणाली, या वेळी दोन ठेवू. अम्मच्ची बाईच्या हातचं खात नाहीत ना, तोमिच्चन म्हणाला. न खाऊन किती दिवस राहतील, असं सालिकुट्टीच्या ओठांवर आलं होतं. ती ते बोलणारच होती.

तेवढ्यात आतून टकटक आली. अम्मच्ची उजव्या हातातली लग्नाची अंगठी खाटेच्या लोखंडी दांडीवर आपटत, तेच त्यांचं बोलावणं.

दोघे भाऊ जागचे हलले नाहीत. सालिकुट्टी दारापाशी पोचली तेव्हा तिला कळलं की आपण उठलो आहोत. कोणी तिला उठ म्हटलं नव्हतं. तिने भांडं दिलं, अम्मच्चींना कुशीवर वळवलं, पुसलं, चादर ओढून सारखी केली. अम्मच्चींनी चांगल्या हाताने तिचं मनगट धरलं आणि वाकड्या तोंडाने म्हणाल्या, "जा तू. जा." पण मनगट सोडलं नाही.

ती बाहेर आली तेव्हा जोजीअच्चन मोटारसायकलची किल्ली शोधत होते. तोमिच्चन हळुवारपणे म्हणाला, "बघितलंस ना? तुलाच राहवत नाही."

रविवारी मिस्सा सुटल्यावर सिस्टर क्लेमेंटिना चर्चच्या पायऱ्यांवर उभ्या होत्या. सालिकुट्टी त्यांच्याकडे गेली नाही. डोक्यावरचा पदर सारखा करून ती गर्दीतून बिन्सीला शोधत गेली आणि तिला दफनभूमीच्या भिंतीशी बाजूला घेतलं.

"मी तुला चुकीचं सांगितलं. तुझा हात माझ्याइतका बसलेला आहे. सौदीला नाही कळव आणि चेन्नईला जा."

"मग परवा तसं का म्हणालात, चेची?"

"मला जायचं होतं."

बिन्सी म्हणाली, "मग तुम्हीच जा ना. मी थांबते."

"सिस्टर पायऱ्यांवर आहेत. आत्ता जा. घरी विचारू नकोस. जागा घे, मग घरी सांग. विचारलंस की ते नाही म्हणणार नाहीत, तुला सगळ्यांबरोबर बसवतील."

बिन्सी दोन पावलं गेली, वळली. सालिकुट्टीने हातानेच तिला पुढे हाकललं.

बिन्सी वर्ष पुरं करून परतली आणि नव्या विभागाची प्रमुख झाली. सालिकुट्टी तिच्या हाताखाली आली. बिन्सी तिला अजून चेचीच म्हणे आणि बाळाची शीर सापडेनाशी झाली की गुपचूप तिला हाक मारी. ड्यूट्या मात्र बिन्सीच लावी. तिने सालिकुट्टीला कायमची दिवसपाळी दिली होती, अम्मच्चींसाठी. सालिकुट्टीने आभार मानले.

ओसरीवर मुली अजून येत. त्या पावसाळ्यानंतर एक नवी मुलगी आली, लग्न ठरत आलेलं, लग्नानंतर लंडनला जायचा बेत. सालीचेची काय विचारतात ते तिला कोणीतरी आधीच सांगून ठेवलं असावं. ती आपणहून, परीक्षेतलं उत्तर द्यावं तशी म्हणाली, "मधला आहे. तिघांत मधला."

"आणि धाकटा काय करतो?"

"अजून शिकतोय. फार देवभोळा आहे म्हणे. रोज मिस्साला जातो."

सालिकुट्टीने कंद खाली ठेवला.

"तर मग तू थांब," ती म्हणाली. "आधी त्याचं लग्न होऊ दे, मग तुझं."

मुलीला ती थट्टा वाटली. ती खूप हसली, आणि आतून टकटक आली तेव्हाही तिचं हसू थांबलं नव्हतं. सालिकुट्टीने सुरी पुसून फळीवर ठेवली आणि ती उठली.