उथळ बोअर, लांब गेज आणि माझा शिक्का

आमच्या शॉपमध्ये लेथखालच्या लोखंडाच्या चिप्स कितीही झाडा, चहाच्या सुट्टीपर्यंत परत ढीग! किस्स्यांचं पण तसंच. एक सांगून संपवावा तर त्याच्या बुडातून दुसरा निघतो. माझी बहीण म्हणते, "मंगे, तू कामाला जातेस का तमाशा बघायला?" मी म्हणते, बाई, बघायला नाय, करायला जाते!

शॉप मुरबाडच्या एमआयडीसीत. पत्र्याची शेड, थोड्या मशिनी, नि खिडकीजवळ इन्स्पेक्शनचं टेबल. त्या टेबलावर मी आणि हिरा. मी धसईची, आयटीआय केलेली, तोंडानं फटकळ. हिरा डोंगरावरच्या वाडीतली. बोलते कमी, पण बोलली की समोरच्यानं पाणी मागावं! माल मोजायचा आणि बरोबर असला तर पेटीच्या लेबलावर 'ओके'चा शिक्का मारायचा, हे आमचं काम. शिक्का माझ्या ताब्यात, त्याच्यावर नाव पण माझंच. त्याच्याशिवाय पेटी गेटबाहेर जात नाय. एवढं लक्षात ठेवा, मग बाकी सगळं कळेल.

*

एकदा शेठनी नवीन काम आणलं. शेतातल्या पाण्याच्या मोटारीचं झाकण. मधोमध बेअरिंग बसायला गोल खड्डा, म्हणजे बोअर. व्यास चांगला मोठा, पण खोली बघाल तर नखाएवढी. आणि आमच्याकडं बोअर मोजायचा गेज एकच, लांब दांड्याचा. त्याची मोजायची टोकं बुडापासून जरा वर असतात. खोल बोअरमध्ये काय झकास चालतो! पण या झाकणात घातला की बूड तळाला टेकतं नि टोकं वर तोंडाशीच राहतात. म्हणजे तळाशी काय चाललंय ते देवालाच माहीत.

मी शेठना म्हटलं, "शेठ, हा गेज इथं चालत नाय. उथळ बोअरचा वेगळा मिळतो, तो घ्या."

शेठ माणूस वाईट नाय. पण नवीन हत्यार म्हटलं की त्यांचा हात खिशावर जातो. म्हणाले, "मागच्या जॉबला चालला ना? जरा दाबून माप!"

हिरानं मान पण वर केली नाय. "दाबलं तर तळ लागतो शेठ. माप नाय लागत."

*

आता बाळूकाका. सापगावचे, लेथवर सगळ्यात सीनियर. काकांचं म्हणणं असं, की गेजबिज सगळी पोरींची थेरं. बोअरमध्ये अंगठा फिरवला की त्यांना कळतं म्हणे!

मी म्हणायचे, "काका, अंगठ्याला आकडे कुठं असतात?"

"तुला दिसत नाय म्हनून नसतात व्हय गो?"

रोज हे भांडण. एक दिवस गिऱ्हाईक कंपनीचे साहेब ऑडिटला आले. शांत माणूस, नीट बघत होता. लेथपाशी थांबून त्यानं विचारलं, "हा बोअर तुम्ही कशानं तपासता?" काकांनी छाती पुढं काढून अंगठा दाखवला!

साहेब हसला नाय. खिशातून पेन काढला नि विचारलं, "याचं कॅलिब्रेशन कधी झालं?"

शेठचा चेहरा असा झाला, जसा काही खोबरं समजून साबण खाल्लाय! दुसऱ्या दिवशी हिरानं, गेज तपासून पास झाला की लावतात तो कॅलिब्रेशनचा हिरवा स्टिकर घेतला नि काकांच्या अंगठ्याला चिकटवला. खाली सहीची जागा पण ठेवली. काका चिडले, चार शिव्या हासडल्या. पण स्टिकर काही काढला नाय. एसटीत कंडक्टरनं विचारलं, "काका, लागलं का?" तर म्हणाले, "नाय रे, पास झालोय!"

*

साहेबांनी जाताना शेठना बजावलं, की या बोअरला नीट गेज बघा. शेठनी बघितला. प्लग गेज आणला! दोन टोकांचा लोखंडी दांडा. एक टोक बोअरमध्ये जायला पाहिजे, दुसरं जाता कामा नये. स्वस्त नि मस्त.

मी म्हटलं, "शेठ, उथळ बोअरमध्ये हा वाकडा बसतो, अडकतो."

"कसा अडकतो? आण इकडं!" म्हणत शेठनी सगळ्यांसमोर स्वतः प्लग घातला. बसला तिरका. ओढला, येईना. हलवला, अजून घट्ट! काकांनी नायलॉनची हातोडी आणली. हातोडीनं प्लग नाय निघाला, उलट काकांची कॉलर ताठ झाली. "अंगठा कधी अडकलाय का माझा?"

शेवटी शेठच म्हणाले, झाकण गरम करा, फुगेल नि सोडेल. आयडिया बरोबर होती, उगाच नाय म्हणणार नाय मी. चहावाल्याच्या स्टोव्हवर सांडशीत झाकण उलटं धरलं. जरा वेळानं प्लग सुटला खरा, पण सुटला तो शेजारच्या पातेल्यात. डुबुक!

चहा सगळ्यांनी प्यायला. शेठनी पण.

*

मग एक सेल्समन आला. पेटी उघडली तर आत मला पाहिजे होता तोच गेज! छोटा, बुटका, वर चकतीसारखी प्लेट. प्लेट झाकणावर टेकवायची, आणि टोकं तळाजवळ, हव्या त्याच खोलीवर जाऊन बसतात. सोबत सेट करायला मास्टर रिंग, म्हणजे ठरल्या मापाची कडी. किंमत ऐकून शेठनी पंखा वाढवायला लावला. पण सेल्समन हुशार. म्हणाला, "दोन दिवस वापरून बघा."

आमी मोजायला बसलो नि बघतो तर काय! अख्ख्या लॉटमध्ये बोअर तोंडाशी बरोबर, तळाशी तंग! जुना गेज फक्त तोंड बघून 'छान छान' म्हणत होता. अशा बोअरमध्ये बेअरिंग पूर्ण बसत नाय, तिरकं राहतं. मोटार आधी किंचाळते नि मग जळते. आणि ती जळते कुणाची? आमच्याच नदीकाठी, भेंडी-काकडीला पाणी सोडणाऱ्याची! माझा बाप धसईच्या बाजारात तीच भाजी विकतो.

काकांनी त्या दिवशी अंगठा फिरवला, मग गेजचा काटा बघितला. परत फिरवला, परत बघितला. मग लेथपाशी गेले.

उपाय सोपा होता. झाकणं परत लेथवर चढवायची, तळाशी हलका कट घ्यायचा. पण मोजायला हा गेज पाहिजे. तो तर सेल्समन घेऊन गेला, कारण शेठ म्हणाले, "पुढच्या ऑर्डरला बघू."

*

मग शेठनी फर्मान काढलं. लॉट असाच जाऊ दे. जुन्या गेजवर तर ओके दाखवतोय!

मी म्हटलं, "मी शिक्का मारणार नाय."

"मंगल, मालक कोण?"

"तुमी. पण लेबलावर नाव माझं पडतं!"

शेठ तापले. सगळ्या शॉपसमोर ओरडले, "जमत नसेल तर दसऱ्यानंतर येऊ नकोस! जा, धसईच्या बाजारात भाजी विक!"

रडू आलं होतं मला, खोटं कशाला सांगू. हप्त्याची, घराची, सगळ्याची आठवण एका दमात झाली. पण तोंड माझंच ना! म्हटलं, "विकीन ना. पण किडकी नाय विकणार!"

*

आणि मग आली खंडेनवमी.

आमच्याकडं रीत अशी. सकाळी मशिनी धुवून-पुसून घ्यायच्या, झेंडूच्या माळा घालायच्या. हत्यारं पाटावर मांडायची आणि शेठच्या हातची पूजा. एकदा पूजेत बसलेल्या हत्याराला दसरा होईपर्यंत कुणी हात लावत नाय. मग काम कितीही तातडीचं असो.

पाट मांडायचं काम माझं आणि हिराचं. कॅलिपर, मायक्रोमीटर, नट आवळायचे पाने, काकांची टूलं सगळं ओळीत ठेवलं. मधोमध अक्षतांची एक रास घातली नि तिच्यावर काहीच ठेवलं नाय.

शेठ हळद-कुंकू वाहत पुढं सरकत होते. तिथं थांबले. "ही जागा कुणाची?"

हिरा म्हणाली, "यायचाय त्या गेजची."

"आणि तो लांब गेज? तो का नाय ठेवला?"

"तो मोजतच नाय. त्याला कसली पूजा!"

शेठचा हात चालूच राहिला. राशीवर पण चिमूटभर कुंकू पडलं, मग पुढच्या हत्यारावर, मग त्याच्या पुढच्या. आरती झाली, नारळ फुटला. तेवढ्यात गेटवर टेम्पोचा हॉर्न! झाकणांचा लॉट न्यायला गाडी आलेली. पेट्या भरून तयार, लेबलं चिकटवलेली, फक्त शिक्का बाकी.

शेठ म्हणाले, "मंगल, चल, शिक्का मार. शेवटचं सांगतोय."

मी म्हटलं, "शेठ, शिक्का पूजेत बसलाय."

सगळे पाटाकडं बघायला लागले. ओळीत अगदी टोकाला, काकांच्या टूलांशेजारी माझा शिक्का. त्याच्यावर हळद, कुंकू नि झेंडूचं फूल. शेठच्याच हातचं!

शेठ पाटाजवळ गेले. वाकले. हात पुढं केला. मी जागची हलले नाय.

तेवढ्यात बाळूकाका पुढं आले. तेच काका, ज्यांना माझा प्रत्येक गेज म्हणजे थेर वाटायचा! पाटाच्या आणि शेठच्या मध्ये उभे राहिले.

"शेठ, आज माझा लेथ चालवायला सांगाल मला?"

"काका, तुमी मध्ये पडू नका."

"सांगाल का, तेवढं बोला."

"लेथ कसा चालवणार आज? पूजा झालीय त्याची."

"मग तिचा शिक्का कसा उचलता?"

बाहेर टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. शेठनी एकदा काकांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग ताटातलं झेंडूचं फूल उचललं, त्या रिकाम्या राशीवर ठेवलं, हात जोडले नि टेम्पोवाल्याला प्रसाद द्यायला बाहेर गेले.

टेम्पो रिकामाच गेला.