डॉक्टरांपुढे आईची नक्कल

गल्लीत मी सगळ्यांच्या नकला करायचो, पण आईची नक्कल डॉक्टरांपुढे करावी लागेल असं कधी वाटलं नव्हतं. महिनाभर ती जेवली की पोट धरून बसायची. दवाखान्यात मात्र पदर सावरत म्हणाली, "काही नाही हो, जरा पित्त झालंय." डॉक्टर पाचकाची बाटली भरायला उठले.

मी तिथंच खाली बसलो, उजव्या बरगडीखाली मूठ दाबली, दुसरा हात पाठीमागं खांद्याकडं नेला आणि थेट तिच्या आवाजात कण्हलो, "अगं आई गं, मेले!"

"गप रे मेल्या!" आई लाजून लाल झाली.

डॉक्टर हसले नाहीत. "तळलेलं खाल्ल्यावर होतं असं?"

"भजी खाल्ली की हमखास," मी म्हणालो.

"मग पित्ताशयात खडे असणार. तूप, तळण बंद. कळ आली की शेक द्या. पण ताप आला किंवा डोळे पिवळे झाले, तर ऑपरेशन."

घरी परतताना टांगा पंचवटीत शिरला. आई पापणी खाली ओढून म्हणाली, "बघ रे, पिवळे दिसतात का?"

पांढरेच होते. तरी मी पुन्हा एकदा बघितलं.