चव न घेता केलेलं कॉकटेल

धुळवडीला माझ्या सासुरवाडीत सकाळी अकरालाच मटणाचं ताट पडतं. पुण्यात नोकरी करून आलेला माझा मेव्हणा हल्ली त्याला ब्रंच म्हणतो. म्हणू दे बापडा. पण ब्रंच म्हटलं की कॉकटेल आलं, आणि कॉकटेल म्हटलं की दाजी आले. दाजी म्हणजे मी. त्या घरात माझा जो काही रुबाब होता तो एवढ्यावरच. उसाच्या ताज्या रसात आलं, लिंबू आणि पांढरी रम. कैरीच्या पन्ह्यात व्होडका. टोमॅटोच्या रसात पण व्होडकाच, फक्त ग्लासच्या काठाला मिठाऐवजी घरची कांदा-लसणाची चटणी. ते प्यायलं की सासरे घाम पुसत ओरडायचे, "पावणं, जिंकलासा!"

यंदा मात्र त्यांच्या कळंब्याच्या बंगल्यावर जायची मला धास्ती होती. मी नुकताच व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलो होतो. सासुरवाडीला सांगितलं होतं, कंपनीच्या ट्रेनिंगला बेंगलोरला गेलोय. डॉक्टरांनी बायकोसमोर स्वच्छ सांगितलं होतं की एक घोट जरी घेतला तरी सगळं परत पहिल्यापासून, आणि या खेपेला लिव्हर काही साथ देणार नाही. बायको म्हणाली, "नको जायला. ताप आलाय म्हणून सांगते." मी म्हटलं, "मग तुझा दादा गाडी घेऊन दारात येईल." आलाच असता की! त्या घरात 'नको' म्हटलं की माणसं 'अजून वाढा' असं ऐकतात.

तर अंगणातल्या टेबलाशी उभा राहून मी ग्लास भरायला लागलो. मापं पाठ होती, हात चालत होते. पण कॉकटेल करणारा माणूस चमचाभर चाखल्याशिवाय ग्लास पुढं करत नाही, आणि नेमकं तेवढंच मला करता येत नव्हतं. लिंबू किती आंबट निघालंय, रस किती गोड आहे, काही कळायला मार्ग नाही. तोंडाला पाणी सुटत होतं ते गिळत होतो. देवाशपथ सांगतो, इतका लाचार मी केंद्रातल्या पहिल्या रात्रीही नव्हतो. तिथं निदान दाराला कुलूप होतं.

मेव्हण्यानं पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "दाजी, नुस्तं आंबट झालंय की! चाखलं न्हाय व्हय?"

"चाखलं की."

"कवा? आन् तुमचा ग्लास कुठं हाय?"

झालं. त्यानंच माझ्यासाठी उसाच्या रसाचा एक ग्लास भरला. मी म्हटलं पित्त झालंय. तो म्हणाला, त्यावर हेच औषध. मी म्हटलं गोळ्या चालू आहेत. तो म्हणाला, गोळ्या उद्या. शेवटी सासरे उठले. ग्लास स्वतःच्या हातात घेऊन माझ्या तोंडापाशी आणला, पंगतीत जिलबी भरवतात तसा. "माझ्या हातनं एक घोट, पावणं. म्हाताऱ्याचा मान ठेवा."

तेव्हा माझा बांध फुटला. "मामा, मी बेंगलोरला नव्हतो. केंद्रात होतो. मी दारुडा आहे, मामा. मला नका देऊ." बोलताना मला रडू आलं. पुरुष माणूस सणाच्या दिवशी सासऱ्यासमोर रडतोय! सासऱ्यांनी ग्लास मागं घेतला. मला वाटलं, सुटलो.

सासऱ्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मायेनंच, बरं का. म्हणाले, "हुतंय की. आमच्यात कोण घेत न्हाय? सोडायची तर सोडा. पर आज धुळवड हाय. आज एकच घ्या, उद्यापासनं बंद."

आणि मी ग्लास हातात घेतला. माझ्यावर कुणी जबरदस्ती केली नाही. मोठ्या माणसानं परवानगी दिली होती, आणि मला एकदम हलकं वाटलं.

एवढ्यात बायको रश्श्याचं पातेलं घेऊन बाहेर आली. त्या घरातल्या बायका पुरुषांच्या या बैठकीत वाढायला येतात आणि मागं फिरतात. तिनं पातेलं टेबलावर ठेवलं, माझ्या हातातला ग्लास काढून घेतला आणि बापासमोर, भावासमोर गटागटा प्यायला. जन्मात पहिल्यांदा. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, पण ग्लास रिकामा करूनच थांबली.

"ए! याड लागलंय व्हय तुला?" सासरे ओरडले.

"आबा, आग्रह करायचाच हाय तर मला करा," ती म्हणाली. "ह्यांच्या वाटणीचं सगळं मी पिते. भरा अजून. भरा की!"

कुणी भरलं नाही. मेव्हण्यानं बाटलीला झाकण लावलं. आम्ही जेवलोही नाही.

परत येताना कळंबा तळ्याजवळ तिला मळमळायला लागलं म्हणून मी गाडी बाजूला घेतली. ती सीटवर मान टाकून डोळे मिटून पडली होती, तोंड जरासं उघडं. काचा बंद होत्या. तिच्या श्वासातून रमचा आणि आल्याचा वास गाडीभर झाला. मी स्टिअरिंग घट्ट धरून बसलो. मग धरवेना. मी वाकलो, तिच्या तोंडाशी नाक नेलं आणि वास घेतला. परत घेतला. छातीत मावेल तेवढा घेतला.

तिनं डोळे न उघडताच माझ्या गालावर हात ठेवला. "किती दिवसांनी असं जवळ आलात," ती म्हणाली.