बयाबाईची शपथ

उमरठच्या महिपतीला पोहता येत नाही, हे जहाजावर कोणाला म्हणजे कोणाला ठाऊक नव्हतं. कोकणातला माणूस म्हणजे पोहणारच, असा परदेशी लोकांचा समज. अहो, डोंगरातलं उमरठ कुठे आणि समुद्र कुठे! पण फुकटात पत मिळत असेल तर ती मोडायला महिपती काही खुळा नव्हता. जहाजावर त्याला सगळे ‘फिश’ म्हणत आणि हाही खुशाल ओ देत असे.

खरी गोष्ट अशी, की त्याचा धाकटा भाऊ नदीच्या डोहात बुडून गेला तेव्हा आईने, बयाबाईने, गळ्याची शपथ घातली होती, “गुडघ्याच्या वर पाण्यात उतरायचं नाय!” पुढे पठ्ठ्या जहाजावर स्वयंपाकी झाला. आई हबकली, तर म्हणतो कसा, “आये, पाणी खाली, मी वर. माझा संबंध डाळीतल्या पाण्याशी!” ट्रेनिंगच्या टाकीत लाइफजॅकेट घालून तरंगला आणि तेवढ्यावर पास झाला. शपथ टाकीला लागू नाही, असं त्याचं त्यानेच ठरवून टाकलं.

त्या खेपेला जहाज निघालं ते युद्ध पेटलेल्या तांबड्या समुद्रातून. ज्याला यायचं नाही त्याने उतरावं, असं कप्तानाने सांगितलं होतं. कोणी उतरलं नाही. माणसं देशोदेशींची, निम्म्यांची भाषा निम्म्यांना कळत नव्हती. पण घरी सांगायचं खोटं सगळ्यांचं एकच, लांबच्या पण बिनधोक वाटेने, आफ्रिकेला वळसा घालून चाललोय. महिपतीने आईला तेच सांगितलं. इंजिनावरचा युसुफ, सीरियाचा, स्वयंपाकघरात उभा राहून फोनवर आपल्या आईला तेच सांगत होता. त्याचा एक शब्द महिपतीला कळला नाही, तरी काय चाललंय ते बरोबर कळलं.

भर दुपारी डाळीला फोडणी घातली आणि अख्खं जहाज हादरलं. ड्रोन आदळला होता. इंजिनाला आग लागली, बचावाची होडी जळाली. हुकूम सुटला, जॅकेट घाला, उड्या मारा! खाली तराफे सोडले होते. महिपती ज्याला त्याला “जा, जा” म्हणत मागे राहिला. लोकांना वाटलं, काय छातीचा गडी! मागे राहण्याचं खरं कारण त्याचं त्यालाच माहीत.

शेवटी दोघेच उरले. युसुफने कठडा घट्ट धरला होता. मोडक्या इंग्रजीत म्हणाला, “तू जा, फिश. मला पोहता येत नाही.”

धूर पार अंगावर आला होता. महिपतीला स्वतःची भयंकर चीड आली. आपल्या फुकटच्या बढाईपायी हा बिचारा एकटाच भित्रा ठरून इथे जळून मरणार!

“मलापण नाय येत!” तो मराठीतच ओरडला. मग भानावर येऊन, “नो स्विम! मी! नेव्हर!”

युसुफ बघतच राहिला. आणि त्या आगीत हसला की हो लेकाचा! महिपतीने जॅकेट थोपटून दाखवलं, हे तरंगतं. युसुफने कठडा सोडला. दोघांनी एकमेकांची बोटं घट्ट अडकवली आणि “आये गोऽ!” करत उडी टाकली. नाकातोंडात पाणी गेलं, पण वर आले. तराफ्यावरून दोरी पडली. सगळेच्या सगळे वाचले.

उमरठला परतल्यावर महिपतीने आईसमोर बसकण मारली. “आये, आफ्रिकेवरनं नव्हतो गेलो. जहाज जळलं. युसुफ म्हणून एक सोबती, त्याच्या बोटांत बोटं अडकवून उडी टाकली. तुझी शपथ मोडली.”

“पाणी किती होतं?”

“तळच नव्हता गो.”

“मग जळत उभा ऱ्हाणार होतास काय रे, मेल्या!” म्हणत तिने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि हमसून रडली. मग पदराने डोळे पुसले. “त्या दुसऱ्याच्या आईला ठाव हाय?”

“नाय. तिला अजून आफ्रिकाच ठाऊक.”

“लाव फोन.”

“अगो, तिला आपली भाषा...”

“लाव म्हणते ना!”

व्हिडिओवर युसुफ दिसला, शेजारी त्याची आई. बयाबाईने आडवा हात आधी गुडघ्याला लावला, मग गळ्याला, मग थेट डोक्यावर नेला. मग युसुफकडे बोट दाखवलं, महिपतीकडे दाखवलं आणि आपल्याच दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घट्ट अडकवली.

तिकडच्या म्हातारीने त्या बोटांकडे बघितलं आणि ती लेकाकडे वळली. मग तिने लेकाच्या फाडकन थोबाडीत दिली आणि लगेच त्याला छातीशी कवटाळलं.

“कळलं हो तिला,” बयाबाई म्हणाली.