वारेचं दुखणं

बालाघाट जिल्ह्यातल्या खैरलांजीकडच्या त्या गावात शेवंताबाईला विचारल्याशिवाय कुणाचं पान हलत नसे. नवऱ्यामागं धानाच्या बांध्या, सगळी शेती तिनं एकटीनं सांभाळली. मुलगा प्रीतम उकव्याच्या मँगनीज खाणीत कामाला लागला, त्याचं लग्नही तिनंच जमवलं. कुणाचं काही अडलं की शेवंताबाईकडं उत्तर तयार असायचं. पण करोनाच्या दुसऱ्या लाटेत तिची मतीच गुंग झाली.

प्रीतम खाणीवरून सर्दी घेऊन आला. मागोमाग सून रूपालीला ताप भरला. सातवा महिना, त्यात फोडणीचा वाससुद्धा येईना. तपासलं तर करोना. शेवंताबाईनं वाफारे दिले, सुंठीचा काढा पाजला. ताप उतरला, दम काही लागला नाही, पोरगी पोटभर जेवू लागली. पुन्हा तपासलं तेव्हा करोना नव्हता. टळलं एकदाचं, असं म्हणून सासू उन्हाळी धानाच्या कापणीला लागली.

पुढं एका दुपारी रूपाली दाराशी आली, पोटावर हात ठेवून. "मा, बाळ सकाळपासून हालून नाही राह्यलं."

जीप करून बालाघाट गाठलं. डॉक्टर देवश्रीबाईंनी सोनोग्राफी केली आणि त्यांचा चेहरा उतरला. बाळाला रक्त कमी पोचत होतं, थांबायला वेळ नव्हता. पोट चिरून मुलगी काढली. वीतभर जीव, पण रडली. तिला काचेच्या पेटीत ठेवलं.

बाळामागून पडलेली वार अंगणात पुरायची, ही घरची रीत. शेवंताबाईनं ती मागितली.

"आजी, ती नागपूरला तपासायला पाठवतेय," देवश्रीबाई म्हणाल्या. "वार लालभडक आणि मऊ असते. ही पांढरट, कडक झाली होती. रक्ताच्या वाटाच बुजल्या होत्या."

"पन ताप तं छातीत होता न? वारेत कसा गेला?"

"विषाणू कधीकधी रक्तातून तिथं पोचतो."

"मंग पोरीले बी करोना झाला?"

"नाही. तिची तपासणी निगेटिव्ह आली."

"माय बरी झाली, लेकीले झालाच नाही. मंग बिमार पडलं कोन?"

"वार," देवश्रीबाई म्हणाल्या.

शेवंताबाईच्या मनात आलं, जे अंग बाळ झाल्यावर मातीत जातं, त्याचंही दुखणं असतं?

"माह्या काढ्यानं तं नाही झालं, बाई?"

"काढ्याचा काही संबंध नाही."

"मीच आनलो न सर्दी," प्रीतम पुटपुटला.

"तेव्हा ती घरोघर होती. कोणाला दोष देणार?"

तरी शेवंताबाईचं समाधान होईना. शेजारच्या अंजूलाही तोच करोना, तोच महिना. तिचं पोर भरल्या दिवसांचं, गुटगुटीत झालं. "तिच्या वारेले काहून नाही झालं?"

"ते मलाही सांगता येणार नाही. बहुतेकींना काही होत नाही. एखादीलाच का होतं, ते अजून कळलेलं नाही."

डॉक्टरच असं म्हणते म्हटल्यावर विचारायचं कुणाला?

पुढं नागपूरहून कळलं, वारेत करोनाच्या खुणा सापडल्या होत्या. वार मात्र परत मिळणार नव्हती. मुलगी हळूहळू अंग धरून घरी आली. पाळण्यात घातली त्या दिवशी बायका विचारू लागल्या, "काय झालतं वं सुनेले?" शेवंताबाई एकीला ताप म्हणाली, दुसरीला नजर. तिसरीला सांगू लागली, "वारेले करोना झालता." ती बाई हसली. शेवंताबाईलाही आपलं बोलणं खरं वाटेना.

तेवढ्यात पाळण्यातली पोर शिंकली. शेवंताबाई उठली, दोन पावलं गेली, थबकली. मग चुलीपाशी बसलेल्या सुनेकडं वळून म्हणाली, "रूपाली, काय करू वं आता?"